स्क्रॅपबुकमध्ये खर्च कुठे करावा आणि कुठे हात आखडावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: हौसेने स्क्रॅपबुक, म्हणजे फोटो आणि आठवणींचा हाताने सजवलेला अल्बम, करायला घेतलं, डिझाईनचे कागद, स्टिकर, पंच, रिबिनी यांवर बराच खर्च झाला, अल्बमची मात्र सहाच पानं भरली. आता नवीन सामान न आणता घरातल्या वस्तूंमधून पुढची पानं करायची आहेत, पण ती केविलवाणी दिसू नयेत आणि फोटोही खराब होऊ नयेत. शिवाय आधी आणून ठेवलेल्या स्टिकरांचं काय करायचं, हेही तुम्ही विचारलं आहे. एकेक घेते.

गेली सोळा वर्षं मी घरच्यांसाठी आणि इतरांसाठी अल्बम करते, शिकवतेही. कपाट भरलेलं आणि अल्बम रिकामा, हे चित्र मी इतक्या जणींकडे पाहिलं आहे की त्याचं कारण आता मला पक्कं ठाऊक झालं आहे. पैसा पानावर जात नाही, ‘पुढे कधीतरी लागेल’ म्हणून आणलेल्या सामानावर जातो. सुंदर स्टिकर दिसला, घेतला, मग त्याला शोभेल असा फोटो शोधत बसलो. तसा फोटो सापडत नाही, म्हणून स्टिकर पडून राहतो आणि त्याच्या जोडीला आणखी एक येतो. तेव्हा तुमची अडचण महागड्या सामानाची कमी आणि उलट्या क्रमाची जास्त आहे.

माझ्या टेबलावर आधी फोटो येतात. एका पानासाठी तीन, फार तर पाच. ते मांडून झाले की साध्या कागदावर चार ओळी लिहून काढते: हे कुठे, कधी, त्या दिवशी काय झालं, कोण काय बोललं. मग फोटोतलेच दोन रंग उचलते. मुख्य माणसाच्या कपड्यांचा रंग शक्यतो घेत नाही, मागच्या कोपऱ्यातली निळी बादली किंवा दाराची विटकरी चौकट असं काहीतरी घेते. तो रंग पानावर दुसऱ्या एखाद्या जागी आला की पान आपोआप बांधल्यासारखं दिसतं. एवढं ठरल्यावरच सामानाचा डबा उघडायचा. या क्रमाने गेलं की एका पानाला दोन कागद आणि सजावटीची एखादी वस्तू, एवढंच लागतं.

आता काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. हा अल्बम पन्नास वर्षं टिकावा असं वाटतं, की मैत्रिणीला वाढदिवसाला द्यायचा आहे? फोटो पुन्हा छापता येण्यासारखे आहेत, की आजीचा एकुलता एक जुना फोटो त्यात आहे? अल्बम कपाटात राहणार, की लहान मुलं तो रोज हाताळणार? भेटीच्या अल्बमला तुम्ही हवी ती रद्दी वापरा, काही बिघडत नाही. एकुलत्या एका फोटोच्या बाबतीत मात्र मी फार कडक आहे: मूळ फोटो पानावर लावायचाच नाही. तो स्कॅन करायचा, प्रत छापायची आणि ती कापायची, चिकटवायची. ४×६ इंचाचा फोटो त्याच आकारात छापायचा असेल तर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) केलेला स्कॅन पुरतो, मोठा करायचा असेल तर ६०० ला करा. पांढऱ्या चौकटीचे झटपट कॅमेऱ्याचे जुने फोटो असतील तर त्यांना कात्री अजिबात लावू नका. त्यांच्या थरांमध्ये रसायनं असतात आणि कडा कापली की ते थर सुटू लागतात.

काटकसर कुठे करायची आणि कुठे नाही, याचा माझा नियम सरळ आहे. जे फोटोला थेट टेकतं, म्हणजे खालचा कागद, चिकटवण्याचं साहित्य आणि वरचं प्लॅस्टिक, तिथे चांगली वस्तू घ्यायची. लिहिण्याचं पेनही त्यातच धरते. बाकी सगळं घरी करता येतं.

कागदाचं कारण समजून घेण्यासारखं आहे. वर्तमानपत्राचा कागद उन्हात ठेवला की पिवळा पडतो. तो लाकूड नुसतं दळून केलेल्या लगद्याचा असतो आणि त्यात लिग्निन नावाचा लाकडातला घटक तसाच राहिलेला असतो. लिग्निन प्रकाश आणि हवेने पिवळं पडतं, त्यातून आम्ल तयार होतं, ते कागद ठिसूळ करतं आणि शेजारच्या वस्तूवरही डाग पाडतं. म्हणून पाकिटावर ‘आम्लरहित’ आणि ‘लिग्निनरहित’ असे दोन्ही शब्द आहेत का ते पाहायचं. नुसतं आम्लरहित म्हणजे बनवताना त्यात आम्ल नव्हतं, पुढे तयार होणार नाही असं नाही. पुष्कळशा चांगल्या कागदांमध्ये कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं, ते पुढे येणारं आम्ल मारतं.

पाकिटावर काहीच लिहिलेलं नसेल तर दोन चाचण्या आहेत. एक पीएच पेनची, म्हणजे आम्ल ओळखणाऱ्या शाईच्या पेनची: कागदाच्या कोपऱ्यावर रेघ ओढायची, जांभळी राहिली तर कागद आम्लरहित, पिवळी पडली तर आम्लयुक्त. ही चाचणी पांढऱ्या किंवा अगदी फिक्या कागदावरच वाचता येते आणि लिग्निनबद्दल ती काही सांगत नाही. दुसरी चाचणी फुकट आहे आणि मला जास्त आवडते. ज्या कागदांबद्दल शंका आहे त्यांचे बोटभर तुकडे कापा, त्यांच्यासोबत वर्तमानपत्राचाही एक तुकडा घ्या, सगळे एका ओळीत ठेवून अर्धा भाग जाड पुस्तकाखाली झाका आणि उन्हाच्या खिडकीत तीन-चार आठवडे राहू द्या. पुस्तक उचललं की झाकलेला आणि उघडा भाग यांतला फरक स्वच्छ दिसतो. वर्तमानपत्राच्या वाटेने जाणारा कागद फोटोखाली घ्यायचा नाही.

म्हणजे वर्तमानपत्राचं कात्रण, जुनी पत्रिका, तिकीट वापरायचंच नाही का? वापरायचं, पण चांगल्या कागदावर त्याची प्रत काढून. यंत्रातून निघालेल्या गुळगुळीत पावत्या आणि तिकिटांची तर प्रत लगेच काढा. तो उष्णतेने छापलेला कागद असतो, त्यावरची अक्षरं काही वर्षांत उडून जातात. आणि तो जपण्यासाठी गरम लॅमिनेशनमध्ये घातलात तर अख्खा काळा पडतो.

प्लॅस्टिकच्या बाबतीत माझा अनुभव वाईट आहे. सुरुवातीच्या काळात स्वस्त मिळाली म्हणून मऊसर, उग्र वासाची पाकिटं घेतली आणि दोन अल्बम त्यांत भरले. काही वर्षांनी उघडले तर फोटोंचा पृष्ठभाग पाकिटाला चिकटलेला, सोडवायला गेले तर रंग सुटून आला. ती पीव्हीसीची पाकिटं होती. पॉलिप्रॉपिलीन, पॉलिएथिलीन किंवा पॉलिएस्टर लिहिलेलंच घ्या, आणि नव्या प्लॅस्टिकसारखा तीव्र वास आला तर परत ठेवा. जुने चिकट पानांचे अल्बम, ज्यांत फोटो ठेवून वरून पारदर्शक कागद पसरवायचा, तेही असेच घातक. त्यांतून फोटो काढायचा असेल तर नखाने उचकटू नका. दात साफ करायचा फ्लॉस फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू पुढेमागे सरकवत न्या.

चिकटवण्याची कटकट फार जुनी आहे. मार्क ट्वेनला स्क्रॅपबुकचं इतकं वेड होतं की १८७३ साली त्याने पानांवर आधीच डिंकाचे पट्टे असलेल्या वहीचं पेटंट घेतलं. पट्टा ओला करायचा आणि कात्रण दाबायचं. आपल्याला इतकं करायची गरज नाही. फोटोसाठी आम्लरहित दुहेरी चिकटपट्टी किंवा फोटोचे कोपरे. कोपरे घरीसुद्धा होतात: चांगल्या कागदाची अर्धा इंच रुंद, दोन इंच लांब पट्टी घ्या, तिची दोन्ही टोकं मध्यावरून खाली दुमडा, म्हणजे वर टोक आलेला त्रिकोण होतो आणि खाली दोन शेपट्या राहतात. शेपट्या कापून टाका. फोटोचा कोपरा त्या त्रिकोणाच्या घडीत सरकवा आणि चिकटवताना दुहेरी चिकटपट्टी कोपऱ्याच्या मागे लावा, फोटोला नाही. फोटो कधीही अलगद बाहेर काढता येतो. पांढरा पातळ डिंक कागदाला कागद जोडायला चालतो, पण त्यात पाणी असतं, जास्त लावला की कागद लाटेसारखा उठतो. काडेपेटीतल्या काडीने कडेकडेने बारीक ओढायचा आणि वर जड पुस्तक ठेवायचं. साधी पारदर्शक चिकटपट्टी आणि रबर सोल्युशन फोटोजवळ आणू नका. पहिली पिवळी पडून सुटते, दुसऱ्याने फोटोवर डाग येतात.

आता बचतीच्या युक्त्या. सगळ्यांत जास्त कागद वाचवणारी युक्ती मी शिकवायला बसले की पहिल्या दिवशी करून दाखवते. फोटोभोवती रंगीत किनार दिसावी म्हणून आपण त्याच्या मागे थोडा मोठा कागद लावतो. फोटो ४×६ इंचाचा, मागचा कागद ४½×६½ चा. म्हणजे चारी बाजूंनी पाव इंच किनार दिसते आणि उरलेला सगळा कागद फोटोखाली कायमचा गाडला जातो. त्याऐवजी चिकटवण्याआधी त्या कागदाला उलट बाजूने चारी कडांपासून अर्ध्या इंचावर पेन्सिलने रेघा मारा आणि धारदार कटरने मधला भाग काढून घ्या. हातात ३½×५½ इंचाचा अखंड तुकडा येतो आणि मागे अर्ध्या इंचाची चौकट उरते. तिचा पाव इंच दिसतो, पाव इंच फोटोखाली जाऊन चिकटायला पुरतो. कोपऱ्यावर कटर पुढे जाऊ देऊ नका. दोन्ही बाजूंनी कोपऱ्याकडे कापत या आणि तिथे थांबा. पहिल्या एक-दोन चौकटी फाटतील, त्यासाठी रद्दी वापरा. मिळालेल्या तुकड्यावर पुढच्या पानाचं लिखाण किंवा शीर्षक होतं. हीच गोष्ट १२×१२ इंचाच्या डिझाईनच्या कागदाची: पानावर तीन फोटो बसणार असतील तर त्यांच्याखालचा भाग आधीच कापून घ्या. एका कागदात दोन पानं निघतात आणि ती एकमेकांना जुळतातही, कारण नक्षी एकच असते.

फोटो छापण्यातही असंच करता येतं. ४×६ च्या एका प्रिंटवर फोनवरच्या कोलाज ॲपने ३×४ चे दोन किंवा २×३ चे चार फोटो बसतात. सगळे फोटो मोठे असले की पान गर्दीचं वाटतं, एक मोठा आणि चार छोटे असले की डोळ्याला बसायला जागा मिळते. म्हणजे इथे स्वस्त तेच जास्त छान दिसतं. घरच्या इंकजेटवर छापत असाल तर प्रिंट एक दिवस उघडी वाळू द्या, मगच प्लॅस्टिकमध्ये घाला. शाई पिग्मेंटची (रंगाचे न विरघळणारे बारीक कण असलेली) असेल तर ती डाय शाईपेक्षा (विरघळलेल्या रंगाच्या शाईपेक्षा) प्रकाशात जास्त टिकते. पेन घेतानाही हेच बघा: पिग्मेंट शाई, पाण्याने न पसरणारी.

सजावटीसाठी विकतचं काहीही लागत नाही, हे मी मनापासून सांगते. घरात जे आहे त्याने कागदावर ठसा उमटवायचा, ती वस्तू स्वतः पानावर लावायची नाही. असं केलं की आम्लाचा प्रश्न उरत नाही आणि पान फुगतही नाही. हवेच्या बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकवर पातळ रंग फिरवून कागदावर दाबलं की गोल जाळी उमटते. जुन्या टूथब्रशवर रंग घेऊन अंगठ्याने ओढला की तुषार उडतात. पाण्याचं प्रमाण कमी ठेवा, नाहीतर थेंब पडतात. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा थर किंचित ओला करून सोलला की आतल्या पन्हळी दिसतात. त्यांवर रंग लावून ठसा घेतला की रांगोळीच्या रेघांसारख्या समांतर ओळी मिळतात. पत्रांच्या पाकिटांच्या आत, मजकूर बाहेरून दिसू नये म्हणून छापलेली निळी-करडी नक्षी असते. ती इतकी सुबक असते की मी ती पाकिटं जपून ठेवते, स्कॅन करते आणि चांगल्या कागदावर छापून वापरते.

आणि खोडरबराचा शिक्का. त्यावर माझा विशेष जीव आहे. साधा पांढरा, मऊ खोडरबर घ्या. शिसपेन्सिलने कागदावर पान किंवा तारा काढा, रेघ गडद असू द्या. कागद उलटा करून खोडरबरावर ठेवा आणि नखाने घासा, चित्र उलटं उतरतं. उलटं उतरलेलं चित्र ठशात पुन्हा सुलटं होतं, म्हणून अक्षरंसुद्धा अशीच करता येतात. आता टोकदार कटरने रेघेबाहेरचा भाग दोन-तीन मिलिमीटर खोल काढायचा. पातं असं तिरकं धरा की त्याचं टोक खोल जाताना रेघेपासून बाहेरच्या बाजूला जाईल. म्हणजे उंचवट्याचा पाया रुंद राहतो आणि दाबल्यावर तो मोडत नाही. सरळ किंवा आतल्या बाजूला कापलं की बारीक भाग लुळा पडतो आणि ठसा फाटका येतो, नव्वद टक्के शिक्के तिथेच बिघडतात. शाईच्या पॅडवर शिक्का न दाबता पॅडच उचलून शिक्क्यावर थोपटा, शाई कडेच्या खोबणीत जात नाही. एका छोट्या पानाच्या शिक्क्याने तुम्ही कोपऱ्याची वेल, किनार, पार्श्वभूमी, तीनही करू शकता. पहिला ठसा गडद आणि पुन्हा शाई न लावता घेतलेला दुसरा फिका, असे जोडीने घेतले तर पानाला खोली येते.

उठाव हवा असेल तर शाई संपलेलं बॉलपेन काढा. जाड कागदातून एखादा आकार कापून त्याची खिडकी करा, ती उजेडाच्या काचेवर ठेवा, वर तुमचा कागद उलटा ठेवा आणि खिडकीच्या कडेकडेने बॉलपेन दाबत फिरवा. सुलट बाजूला आकार फुगून वर येतो. शिवणयंत्र असेल तर दोरा न ओवता कागदावरून सुई चालवा, टिंबांची सुरेख किनार मिळते. कापडासाठी ती सुई नंतर वापरू नका, कागदाने ती बोथट होते.

केविलवाणं दिसण्याची भीती तुम्ही बोलून दाखवलीत. पान तसं दिसतं ते सामान स्वस्त असल्यामुळे नाही. तीनच गोष्टी तपासा: कडा सरळ कापल्या आहेत का, फोटो एकमेकांशी एका रेषेत आहेत का, आणि कुठे तरी मोकळी जागा सोडली आहे का. कात्रीऐवजी लोखंडी पट्टी आणि कटर वापरलं, पात्याचं बोथट टोक वेळेवर मोडलं, की निम्मा फरक तिथेच पडतो. फाटलेली कड हवी असेल तर ती मुद्दाम फाडल्यासारखी दिसू द्या: कागद आपल्याकडे ओढत फाडला की पांढरी कड दिसते, विरुद्ध दिशेने फाडला की दिसत नाही.

नवा अल्बम विकत घ्यायचा नसेल तर जाड कार्डशीट मधोमध दुमडून तीन भोकांच्या टाक्याने वही शिवता येते. कागदाच्या तंतूंची दिशा घडीला समांतर ठेवा. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा, जो वाक सहज पडतो त्याच्या रेघेला तंतू समांतर असतात. फोटो लावले की अल्बमचं तोंड फुगून उघडं राहतं. त्यावर उपाय म्हणून पानांच्या मध्ये शिवणीजवळ एक इंच रुंदीची जादा पट्टी सुरुवातीलाच शिवून घ्या. पाठीची जाडी वाढते आणि फोटोंना जागा होते.

राहिले तुमचे स्टिकर. ते टाकू नका, पण एका पानावर दोनपेक्षा जास्त वापरू नका आणि फोटोच्या अंगावर तर लावूच नका. विषयाप्रमाणे लावलेले ढीग मोडून रंगाप्रमाणे लावा: निळे एका पाकिटात, पिवळे एका. ‘सहल’ लिहिलेला स्टिकर वर्षातून एकदा लागतो, निळा स्टिकर दर महिन्याला लागतो. अक्षरांच्या स्टिकरमध्ये नेहमीची अक्षरं संपून भलतीच उरतात. ती उरलेली अक्षरं कागदावर घट्ट चिकटवून वरून रंग फिरवा आणि रंग वाळण्याआधी उचलून काढा. पांढरी अक्षरं मागे राहतात. सहापैकी जी पानं आवडत नाहीत ती लगेच मोडू नका. पुढची चार पानं वर सांगितलेल्या क्रमाने करा, मग ती सहा पुन्हा काढून बघा आणि त्यांवरचं जादा सामान उचलून नव्या पानांवर घ्या. विकतच्या स्टिकरचा डिंक सहसा हेअर ड्रायरच्या कोमट हवेने सैल होतो. फोटोजवळ मात्र ड्रायर नेऊ नका.